वीस लिटरची आत्या

"साहेब, आत्याला पलंगाखाली ठेवलं तर ती पेट घेईल का?"

शाळेच्या सभागृहात तीनशे मुलं होती आणि त्या क्षणी तीनशेच्या तीनशे मुलांना शिंक, खोकला, खाज, सगळ्याचा विसर पडला. व्यासपीठावर अग्निशमन दलाचे अधिकारी उभे होते. भरघोस मिशा आणि काखेत लाल सिलिंडर. ते 'आग आणि आपण' या विषयावर तासभर बोलले होते आणि शेवटी 'काही शंका असतील तर विचारा' असं म्हणाले होते, जे सहसा कोणी मनापासून म्हणत नसतं. शिडी केवढी लांब असते आणि झाडावर अडकलेलं मांजर खरंच उतरवता का, एवढ्यावर सुटका होईल अशा बेताने त्यांनी घड्याळाकडेही पाहून घेतलं होतं.

"आत्या सिगारेट ओढते का?" त्यांनी सावधपणे विचारलं.

"नाही साहेब."

"मग तिला पलंगाखाली कशाला ठेवता? पलंगावर ठेवा की."

"पलंगावर मी झोपते."

मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग तीनशे जणांचं धरणच फुटलं.

प्रश्न विचारणारीला शाळेत भोंगा म्हणत. व्याकरणाने भोंगा पुल्लिंगी असतो, पण तिने ते मनावर घेतलं नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत तिचं नाव पुटपुट होतं. हजेरीला 'हजर' म्हणताना तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. वर्गशिक्षिकेने लागोपाठ चार दिवस तिची गैरहजेरी मांडली, तेव्हा पाचव्या दिवशी ती बाकावर उभी राहिली आणि "मी इथेच आहे" हे अशा काही आवाजात म्हणाली, की शेजारच्या वर्गानेही तिची हजेरी लावली असती. त्या दिवशी आवाज जो फुटला तो फुटलाच.

पैज लावली होती तिच्या दोन मैत्रिणींनी. एक चष्मीस, दुसरी टाचणी. टाचणी अंगाने बारीक आणि बोलण्याने टोकदार होती. तिची अट होती, "घरी जसं बोलतेस तसंच विचारायचं. खरं नाव तोंडातून काढायचं नाही. विचारलंस, तर परीक्षेचा अभ्यास तुझ्या खोलीवर."

"पण आत्या गेल्यावर," चष्मीस म्हणाली होती. "मागे मी तुझ्याकडे बसले तर दोन तासांत डोकं असं दुखलं की घरी जाऊन ओकले. आई म्हणाली, त्या पेट्रोल पंपावर पुन्हा जायचं नाही."

भोंग्याला हे फार लागलं होतं. नवीन आवाज आला, नवीन मैत्रिणी आल्या, आणि त्यांना बसवायला जी एकमेव खोली होती तिचा पेट्रोल पंप झालेला. त्यामुळे पैजेबिजेचं ठीक आहे, पण तिला उत्तर खरंच हवं होतं.

सभागृह शांत झाल्यावर ती म्हणाली, "साहेब, आत्या म्हणजे वीस लिटरचा निळा कॅन. काका दहाचे, ते रंगाच्या डब्यात आहेत. मामा दोन लिटर, सरबताच्या बाटलीत. मामाचं बूच नीट बसत नाही."

अधिकाऱ्यांनी सिलिंडर खाली ठेवला. मिशांखालचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"आणि या सगळ्यांच्या पोटात काय आहे?"

टाचणीकडे एकदा बघून घेत भोंगा म्हणाली, "पेट्रोल."

"तू कुठे राहतेस?" साहेबांनी विचारलं. "पत्ता आणि आईचा फोन नंबर सांग. उद्या चारला मी येतो."

*

हा सगळा प्रकार चार वर्षांपूर्वी सुरू झाला होता. मोठं वादळ झालं आणि चार दिवस वीज गेली. नेमका तेव्हाच भोंग्याला ताप चढला. घरात एक छोटा जनरेटर होता, पण त्यात घालायला थेंबभर पेट्रोल नव्हतं, आणि पंपावरही नव्हतं. बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून द्यायचे. केसाच्या जाडीचा फरक ओळखणारा माणूस, पण त्या चार दिवसांत रिकामा डबा घेऊन ते दारोदार फिरले आणि रिकामाच घेऊन परत आले. वीज आली, ताप उतरला. बाबांचा मात्र उतरला नाही. त्यांनी साठवायला सुरुवात केली.

डब्यांवर 'पेट्रोल' लिहिलं तर चोर नेतील, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून त्यांनी पांढऱ्या रंगाने डब्यांना घरच्या माणसांची नावं दिली. नातेवाईक कोण चोरून नेतो? शेड तर अंगणाच्या पार टोकाला, तिथे भरवसा नाही. म्हणून शेडमध्ये, दुहेरी कुलपात, संकटकाळासाठी घेतलेले बिस्किटांचे एकशे साठ पुडे ठेवले, आणि पेट्रोल आणलं लेकीच्या पलंगाखाली.

घराला या भाषेची इतकी सवय झाली होती की कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. "आज ऊन फार आहे, आत्या फुगलीय, जरा झाकण सैल करून ये." "काकांना पाय लावू नकोस, गंजलेत." आई घरीच कपडे अल्टर करून द्यायची. तिचं इस्त्रीचं टेबलही याच खोलीत होतं, कारण दुसरीकडे प्लग नव्हता. पॅन्टच्या कडा दाबता दाबता तिचा पाय टेबलाखालून आत्याला लागायचा, आणि ती सवयीने "अगं बाई, लागलं का" म्हणायची.

त्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, भोंग्याने घरी सगळं सांगितलं. बाबांनी डोळ्यावरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तू भर शाळेत घरातली माणसं काढलीस?"

"माणसं नाहीत बाबा. पेट्रोल आहे."

"हळू बोल."

"मला आता हळू बोलता येत नाही, तुम्हाला माहितीय." तिने साहेबांनी दिलेला कागद काढला. "राहत्या घरात ठेवायचं नाही. लांब, सावलीत, हवा खेळेल अशा जागी, आणि कुलपात."

"कुलपात बिस्किटं आहेत."

"इंधनासाठीच बनवलेला डबा हवा. पाण्याचा कॅन नको. आणि काठोकाठ भरायचा नाही, वर जागा सोडायची."

"अर्धवट भरलेला डबा म्हणजे अर्धवट तयारी," बाबा म्हणाले. "मी अर्धवट काही करत नाही."

"वर स्पष्ट लिहायचं, आत काय आहे ते."

"म्हणजे चोराला वाचायचेही कष्ट नकोत."

आई इस्त्री उभी करून म्हणाली, "अहो, पण ती म्हणतेय ते..."

"साहेब येतो म्हणाले ना? मग येत नाहीत. येणारा माणूस सांगून येत नसतो." आणि बाबांनी विषय बंद केला. झाकण बंद करावं तसा, मामाच्या बुचापेक्षा जरा बरा.

भोंगा त्या रात्री आईबाबांच्या खोलीत, जमिनीवर सतरंजी टाकून झोपली. बाबांनी विचारलं, तर म्हणाली, "आत्या घोरते."

*

शनिवारी अर्धा दिवस शाळा. भोंगा जेवायला बसली होती. तेवढ्यात आईला साहेबांचा फोन आला: ठरल्याप्रमाणे चारला पोचतो, तोपर्यंत डब्यांना कोणी हात लावायचा नाही, खोलीतली इस्त्री सुरू करायची नाही, खिडक्या उघड्या ठेवा. आईने "हो हो, हो साहेब" म्हणून फोन ठेवला. परका माणूस येणार, आणि पलंगाखाली सगळं खानदान. ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत दुकानात असलेल्या बाबांसाठी मोबाइलवर निरोप बोलू लागली. भोंग्याला तो भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

"अहो, तो माणूस चारला येतोय. त्याच्या आधी घरी या आणि आत्याला बाहेर काढा. मला आता ती घरात नको. फुगलीय, वास मारतेय, आणि इतकी जुनी झालीय की आता तिचा कोणाला काही उपयोग नाही. लेकीला त्रास होतो तिचा. शेडमध्ये टाका नाहीतर कोणाला तरी देऊन टाका."

आईचा आवाज थांबला. आणि भोंग्याच्या ताटाशेजारी पडलेला तिचा स्वतःचा मोबाइल टिंग वाजला.

घास तोंडाशीच राहिला. तिने फोन उचलला. निरोप एकट्या बाबांना गेला नव्हता. तो गेला होता 'आपली माणसं' या ग्रुपवर, ज्यात खरीखुरी चौदा माणसं होती. त्यात खरे काका होते, खरे मामा होते आणि बाबांची थोरली बहीण, खरी आत्या होती.

"आई," भोंगा म्हणाली, आणि आयुष्यात फार दिवसांनी तिचा आवाज पुटपुटला. "पुसून टाक. लवकर."

"काय पुसू? ओटा?"

ओट्याचा विषय संपेपर्यंत निरोपाखाली आत्याच्या नावाची निळी खूण उमटली होती. पाठोपाठ मामाचा मजकूर आला, 'ताई, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.' काकांनी फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं. ते वाढदिवसालाही तेच पाठवायचे.

आत्याने काहीच लिहिलं नाही. आत्या निघाली होती.

*

साडेतीनला दार वाजलं. आत्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाली होती. पाठ अजून ताठ, आणि शिट्टी अजून गळ्यात. सवय जात नाही, असं ती सांगायची. दोन हातांत दोन पिशव्या घेऊन ती आत आली, बैठकीतल्या खुर्चीवर बसली आणि आईकडे न बघता म्हणाली,

"वास घे."

"अहो वन्सं, गैरसमज..."

"घे ना वास. सकाळीच आंघोळ केलीय. फुगले आहे का तेही बघ. कपडे घेऊन आलेय. शेड कुठाय, दाखव."

बाबा तेवढ्यात धापा टाकत पोचले. दुकानात त्यांनी निरोप ऐकला तेव्हा हातातलं भिंग खाली पडून फुटलं होतं. "ताई, ती तू नाहीस," ते म्हणाले.

"मग दुसरी कोण आत्या आहे या घरात?"

"निळी."

आत्याने भावाकडे पाहिलं, जसं ती पूर्वी मैदानावर उन्हाने भोवळ आलेल्या पोरांकडे बघायची.

चारला एक मिनिट कमी असताना साहेब दोन माणसं आणि गाडी घेऊन आले. सांगून आले होते, तरी बाबा त्यांच्याकडे आश्चर्याने बघत राहिले. साहेबांनी उंबऱ्यातच वास घेतला आणि विचारलं, "आत्या कुठाय?"

"मी," आत्या खुर्चीतून म्हणाली.

साहेबांनी वहीत पाहिलं. "वीस लिटर?"

"वजन विचारताय?"

"झाकण घट्ट आहे का म्हणून विचारतोय."

आत्या उभी राहिली, आणि त्या उभं राहण्यात तीस वर्षांच्या कवायतीचा जोर होता. आई भिंतीला टेकली. बाबा जमिनीत जागा शोधू लागले. आता कोणी काही बोललं नाही तर साहेबांना शिट्टी फुंकून घराबाहेर काढलं जाणार आणि निळा कॅन जिथल्या तिथे राहणार, हे भोंग्याच्या लक्षात आलं. आत्याला राग आला तर येऊ दे, पण आज रात्री पेट्रोल असलेल्या पलंगावर आपण झोपणार नाही, आणि पुन्हा सतरंजीवरही नाही.

"आत्या, बस," ती म्हणाली. ठणठणीत. "साहेब, ही खरी आत्या. हिच्यात पेट्रोल नाही. आत्या, बाबांनी पेट्रोलला तुझं नाव दिलंय. गेली चार वर्षं. माझ्या पलंगाखाली बत्तीस लिटर आहे. आई म्हणाली ते सगळं त्याच्याबद्दल म्हणाली. फुगतं तेही ते, वास मारतं तेही ते."

आत्या बसली.

"माझंच नाव का?" तिने भावाला विचारलं.

"सगळ्यात मोठा कॅन होता," बाबा म्हणाले. "आणि घरात सगळ्यात जास्त भरवसा तुझा." यातलं दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून पहिलं तिने सोडून दिलं.

साहेब मात्र थेट खोलीकडे निघाले. "सगळ्यांनी अंगणात जा. दिव्याच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही." सगळे घोळका करून दारातच रेंगाळले, तेव्हा आत्याने शिट्टी फुंकली. बाबासुद्धा रांगेत बाहेर गेले.

साहेबांच्या माणसांनी एकेक डबा उचलून अंगणात आणला आणि भिंतीच्या सावलीत ओळीने मांडला. आत्या खरोखरच फुगली होती, तिचा तळ गोल होऊन ती डुगडुगत होती. काकांच्या बुडाशी गंजाचं कडं पडलं होतं. सगळ्यात शेवटी साहेबांनी स्वतः मामाची बाटली आणली, उजेडात धरली आणि उलटी केली. एक थेंबही पडला नाही.

"दोन लिटर म्हणालीस ना?"

"भरली तेव्हा होती," भोंगा म्हणाली.

"सांडलं होतं का कधी?" त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. "मग दोन लिटर गेलं कुठे?"

केसाच्या जाडीचा फरक ओळखणाऱ्या माणसाला हे उत्तर यायला वेळ लागला नाही. बाबांनी रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, मग खोलीच्या खिडकीकडे, मग लेकीकडे.

"हवेत," साहेब म्हणाले. "पेट्रोलची वाफ जड असते. जमिनीलगत बसते, दिसत नाही. वर इस्त्री. एक ठिणगी पुरली असती. आणि ठिणगी पडली नाही, तरी ती हवा रोज कोण घेत होतं?"

बाबा अंगणातल्या दगडावर बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले, जरी तो स्वच्छच होता.

"मला वाटायचं," ते शेवटी म्हणाले, "घरात सगळ्यात सुरक्षित जागा हिच्या पलंगाखालची. कारण रात्री उठून मी तिथेच तर बघायला जातो. ही ठीक आहे ना, आणि तेही ठीक आहे ना. त्या वादळात हिला एकशे तीन ताप होता आणि माझ्याकडे डबा होता, पण रिकामा. मग ठरवलं, पुन्हा रिकाम्या हाताने यायचं नाही."

भोंगा त्यांच्या शेजारी दगडावर बसली.

साहेबांनी आत्याचं झाकण उघडलं, पेट्रोल काचेच्या नळीत घेतलं आणि सगळ्यांना दाखवलं. रंग काळपट चहासारखा झाला होता. "हे चार वर्षांचं. यावर कुठलाही जनरेटर धड चालणार नाही. जनरेटर आहे कुठे तुमचा?"

आई आणि बाबांनी एकाच वेळी खऱ्या आत्याकडे पाहिलं. वादळानंतरच्याच महिन्यात ती तो 'आठवड्याभरासाठी' घेऊन गेली होती. आत्या शिट्टी पुसू लागली.

"म्हणजे," साहेब हळूहळू म्हणाले, "आत्यांकडे जनरेटर, आणि तुमच्याकडे आत्या."

इतका वेळ शांत असलेली आई त्यावर अशी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग आत्या हसली. बाबांना काही हसू आलं नाही, पण त्यांनी चष्मा लावला.

डबे गाडीत चढले. हे गटारात ओतायचं नसतं, जिथे द्यायचं तिथे आम्ही देतो, असं साहेबांनी सांगितलं आणि भोंग्याच्या हातात कालच्यासारखाच आणखी एक कागद दिला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी बाबा दगडावरून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर नवी योजना दिसू लागली होती, आणि ती तिघींनाही दिसली.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले. "एकच. छोटासा. हिच्या पलंगाखाली नाही, फार तर दाराच्या मागे. आणि नाव आत्याचं नाही, दुसरं कुणाचं तरी. मावशीचं राहिलंय."

भोंगा दगडावर चढून उभी राहिली. गरज नव्हती, पण तिला उंचीवरून बोलायला आवडायला लागलं होतं.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "पेट्रोल राहील. पाच लिटर, इंधनासाठीच्या डब्यात, वर जागा सोडून. पण ते राहील शेडमध्ये, आणि त्याच्यावर लिहिलेलं असेल 'पेट्रोल', ते पण मोठ्या अक्षरात. दर सहा महिन्यांनी ते बाबांच्या स्कूटरमध्ये ओतायचं आणि नवीन भरायचं, तारीख मी लिहीन. शेडची किल्ली माझ्या गळ्यात, आत्याच्या शिट्टीसारखी. बिस्किटं माझ्या पलंगाखाली येतील, आणि पुढच्या शनिवारपासून ती खाऊन संपवायला चष्मीस आणि टाचणी येतील, अभ्यासाला. इस्त्री बैठकीत, त्यासाठी तिकडे प्लग काढून घ्यायचा. आणि आत्या जनरेटर उद्या सकाळी परत आणून देणार आहे. तिला हे अजून माहीत नाही, आत्ताच कळतंय."